पन्ह्यातला गारवा येतो कुठून?

चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर हातात येणारा पन्ह्याचा पेला प्यायला की घसा आणि पोट तर निवतेच, पण थोड्या वेळाने सगळे अंगच हलके झाल्यासारखे वाटते. कैरी ‘थंड’ असते म्हणून असे होते, हे उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण पन्ह्याच्या अंगच्या थंडपणाचा साधा हिशेब मांडला, तर तो अगदीच तुटपुंजा निघतो.

माठातल्या पाण्यात केलेले, २० अंश सेल्सियस तापमानाचे २०० मिलीलिटर पन्हे पोटात जाऊन ३७ अंशांवर पोचते, तेव्हा ते शरीराकडून जेमतेम साडेतीन किलोकॅलरी उष्णता घेते. विश्रांती घेणारे शरीरसुद्धा एवढी उष्णता दोन-तीन मिनिटांत तयार करते. याउलट, तेच २०० मिलीलिटर पाणी घामावाटे त्वचेवर येऊन पूर्णपणे वाळले, तर ते सुमारे ११५ किलोकॅलरी, म्हणजे तीस पटींहून अधिक उष्णता सोबत घेऊन जाते, कारण द्रवाची वाफ होण्यासाठी प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी लागतात आणि त्या त्वचेतूनच घेतल्या जातात. माठ गार राहतो तोही याच नियमाने: त्याच्या भिंतीतून पाझरलेले पाणी वाळते आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणजे पन्ह्याचे खरे काम शरीर थेट गार करण्याचे नसून घामासाठी लागणारे पाणी पुरवण्याचे आहे. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून वर गेले की शरीराजवळ उष्णता बाहेर टाकण्याचा हा एकच मोठा मार्ग उरतो. मात्र त्यासाठी घाम वाळायला हवा. विदर्भाच्या कोरड्या उन्हात तो वाळून जातो, इतका की घाम आल्याचे पुष्कळदा कळतही नाही. कोकणातल्या दमट हवेत तो नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम पाणी आणि मीठ तेवढे घेऊन जातो, गारवा फारसा देत नाही. अशा ठिकाणी पन्ह्याइतकीच पंख्याच्या वाऱ्याचीही गरज असते.

घामाच्या प्रत्येक लिटरमागे शरीरातून साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जाते, आणि इथेच पन्ह्यातल्या चिमूटभर मिठाचे महत्त्व ध्यानात येते. लहान आतड्याच्या अस्तरात (गुळातल्या साखरेपासून मिळणारे) ग्लुकोज आणि (मिठातले) सोडियम यांना जोडीने आत घेणारी प्रथिने असतात, आणि ही जोडी आत गेली की पाणी तिच्यामागोमाग जाते. याच तत्त्वावर आधारलेल्या मीठ-साखरेच्या पाण्याने डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. पन्हे म्हणजे काही ते औषधी द्रावण नव्हे आणि जुलाबावर ते त्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु गूळ, मीठ आणि पाणी एकत्र आणण्यात आपल्या स्वयंपाकघराने किती नेमकी जोडी जमवली, याचे मला फार कौतुक वाटते.

ही जोडी बिघडते ती गोडाच्या अतिरेकाने. पाण्यात सुमारे दहा टक्के साखर असली, की केवळ तिच्यामुळेच ते द्रावण रक्ताइतके तीव्र होते. त्याहून गोड पेय जठरातून हळू पुढे सरकते आणि आतड्यात उलट थोडे पाणी ओढून घेते. म्हणून गराच्या दुप्पट गूळ घालण्याऐवजी गराच्या वजनाइतकाच घालावा आणि अशा मिश्रणाचे दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम, पेलाभर पाण्यात दोन चिमटी मिठासह कालवावेत. साखरेचे प्रमाण मग सात-आठ टक्क्यांवर राहते आणि कैरीचा आंबटपणाही जिभेला नीट जाणवतो. या आंबटपणामुळे लाळ सुटते आणि पाणी रक्तात पोचण्याआधीच तोंडाची कोरड जाते.

कैरी घ्यावी ती घट्ट, दळदार आणि पुरेशी आंबट. देठाशी येणाऱ्या चिकामुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते किंवा पुरळ येते, कारण आंबा हा काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातला आहे. म्हणून देठ काढून, चीक निथळू देऊन कैरी स्वच्छ धुवावी आणि अख्खीच, सालीसकट, कुकरमध्ये वाफवावी. सोलून, फोडी करून पाण्यात उकळली, तर पाण्यात विरघळणारे क जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरते, आणि ते पाणी फेकले की तेही गेले. उष्णतेने त्याचा काही भाग नष्ट होतोच, पण सालीच्या आत निदान गळती कमी होते. वाफेच्या उष्णतेने आणि कैरीतल्या आम्लाने पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सुटते, त्यामुळे गर लोण्यासारखा मऊ होतो. कापलेल्या कैरीला काळपट करणारे विकरही उष्णतेने निकामी होते. गर कोमट असतानाच किसलेला गूळ घालावा, म्हणजे तो सहज विरघळतो. भांडे मात्र स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचेच हवे, कारण कल्हई नसलेल्या पितळेवर आणि ॲल्युमिनियमवर कैरीतल्या सायट्रिक आणि मॅलिक आम्लांची क्रिया होते.

वेलदोडा केवळ वासापुरता नसतो. त्यातले सिनिओल हे द्रव्य, पुदिन्यातल्या मेंथॉलइतके प्रभावी नसले तरी, थंडीची जाणीव करून देणाऱ्या टीआरपीएम-८ या ग्राहीला, म्हणजे चेतातंतूंवरच्या संवेदक प्रथिनाला, चेतवते. या ग्राहीचा शोध घेणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. तोंडातला हा गारवा खरा वाटत असला, तरी त्याने शरीराचे तापमान उतरत नाही.

गारवा वाटणे आणि शरीराचे तापमान खरोखर उतरणे यांतला हा भेद उन्हाळ्यात जीव वाचवणारा आहे. अंग तापलेले आहे, बोलणे असंबद्ध होत आहे किंवा शुद्ध हरपत आहे, अशा माणसाच्या तोंडात पन्हे ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि ताबडतोब रुग्णालयात पोचवावे. पन्ह्याची वेळ त्याच्या बरीच आधीची असते: उन्हातून आल्यावर, आणि शक्य असेल तर उन्हात जाण्यापूर्वीही.