विमान उतरणीसाठी अचूक उपग्रह मार्गनिर्देशन : विद्यापीठांतील संशोधन

उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवरून उडत्या विमानाचे स्थान मीटरच्या, शक्य तेथे सेंटिमीटरच्या, अचूकतेने ठरवणे आणि त्याच्या आधारे विमान धावपट्टीपर्यंत सुखरूप आणणे, या विषयाचे संशोधन. १९८०च्या दशकापासून त्याचा मोठा भाग विद्यापीठांत झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड व ओहायो, जर्मनीतील ब्राउनश्वाइग, नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि कॅनडातील कॅल्गरी ही त्याची प्रमुख केंद्रे होत.

उपग्रहांच्या आधी विमानाला दोन मुख्य आधार होते. पहिला जडत्वीय मार्गनिर्देशनाचा : जायरोस्कोप व प्रवेगमापक यांच्या मदतीने विमान आपले स्थान स्वतःच मोजत जाते. एमआयटीतील चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या गटाने १९५३ मध्ये अशा यंत्रणेवर मॅसॅच्युसेट्सहून लॉस एंजेलिसपर्यंत विमान नेले. मात्र या पद्धतीत चूक वेळेबरोबर वाढत जाते. दुसरा आधार धावपट्टीवरून सोडलेल्या रेडिओ शलाकांचा, म्हणजे आयएलएसचा. त्यासाठी धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला वेगळी यंत्रणा बसवावी लागते आणि जवळच्या इमारतींवरून परावर्तन झाले की शलाका वाकते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ओहायो विद्यापीठाच्या एव्हियॉनिक्स केंद्राचे सुरुवातीचे काम याच शलाकांवर होते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून ग्राहक यंत्र अंतर काढते. त्या वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तर अंतर ३० सेंटिमीटरने चुकते. उपग्रह फक्त वरच्या बाजूला असल्यामुळे उंचीतील चूक आडव्या चुकीपेक्षा साधारणपणे मोठी असते, आणि उतरताना खरी गरज असते ती उंचीचीच. ही अडचण भूमितीची आहे. चांगले यंत्र बसवून ती जात नाही. स्थान अचूक माहीत असलेल्या जमिनीवरील केंद्राने आपल्याला दिसणारी चूक मोजून विमानाला कळवली, तर दोघांना समान असलेला भाग वजा होतो. ही विभेदी पद्धत.

याहून सूक्ष्म मापन वाहक तरंगाच्या, म्हणजे संकेत वाहून आणणाऱ्या रेडिओ तरंगाच्या, कलेवरून (आवर्तनातील टप्प्यावरून) करता येते. जीपीएसच्या मुख्य संकेताची कंप्रता १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर. तरंगाचा अपूर्णांक मिलिमीटरपर्यंत मोजता येतो. पण मध्ये पूर्ण तरंग किती गेले, हे कळत नाही. बारीक रेघा स्पष्ट, मात्र आकडे पुसलेले, अशा मोजपट्टीने मोजण्यासारखे हे आहे. ती पूर्णांक संख्या झटपट आणि खात्रीने शोधण्यासाठी डेल्फ्टचे पीटर ट्युनिसेन यांनी १९९३ मध्ये मांडलेली लॅम्डा पद्धत आज जगभर वापरली जाते. स्टॅनफर्डने वेगळी वाट धरली. उतरणीच्या मार्गाखाली दोन छोटे रेडिओ प्रेषक ठेवले. विमान त्यांच्यावरून जाताना दिशा इतक्या वेगाने बदलतात, की पूर्ण तरंगांची संख्या काही सेकंदांत निश्चित होते.

ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने आपल्या डॉर्नियर संशोधन विमानाने १९८९ मध्ये उपग्रहाधारित स्वयंचलित उतरण करून दाखवली. जीपीएस प्रकल्पाचे पहिले प्रमुख ब्रॅडफर्ड पार्किन्सन पुढे स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले. त्यांच्या गटाने ऑक्टोबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील क्रोज लँडिंग येथे युनायटेड एअरलाइन्सचे बोइंग ७३७ आपोआप उतरवले, तेही ११० वेळा.

एवढ्याने प्रवासी विमानांना परवानगी मिळत नाही, आणि या क्षेत्राचे सर्वांत मोलाचे काम इथूनच सुरू होते असे म्हणणे योग्य ठरेल. वैमानिकाच्या दृष्टीने चूक सहसा किती असते, यापेक्षा ती धोक्याच्या मर्यादेबाहेर गेली तर ते वेळेत कळेल का, हा प्रश्न महत्त्वाचा. धावपट्टीपासून २०० फूट उंचीपर्यंत उतरू देणाऱ्या मार्गदर्शनासाठी अशी न कळलेली चूक एक कोटी उतरणींत दोनपेक्षा अधिक वेळा होऊ नये आणि इशारा ६ सेकंदांत मिळावा, अशी अपेक्षा असते. कोट्यवधी उड्डाणे करून हे तपासता येणार नाही. म्हणून चुकांच्या वितरणाचे दुर्मिळ टोक, म्हणजे क्वचितच होणाऱ्या मोठ्या चुका, गणिताने मर्यादेत बांधून ठेवावे लागते. प्रत्येक क्षणी विमानातील यंत्र ‘माझी चूक याहून मोठी नाही’ अशी संरक्षण पातळी काढते. ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, की त्या उतरणीसाठी मार्गदर्शन वापरायचे नाही. खरी चूक आणि ही पातळी यांची तुलना दाखवणारा आलेख स्टॅनफर्ड आलेख म्हणून ओळखला जातो.

या हिशेबातील सर्वांत अवघड घटक आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर. त्यातून येताना उपग्रहाचा संकेत उशिरा पोहोचतो. एरवी जमिनीवरील दोन ठिकाणांमध्ये त्यामुळे होणाऱ्या विलंबाचा फरक किलोमीटरला काही मिलिमीटर असतो. २० नोव्हेंबर २००३च्या भूचुंबकीय वादळात ओहायोतील स्थिर जीपीएस केंद्रांच्या नोंदी तपासताना संशोधकांना किलोमीटरला ४०० मिलिमीटरहून अधिक फरक आढळला. विमान केंद्रापासून १० किमीवर असेल, तर विभेदी दुरुस्ती चार मीटरने चुकेल. अशी दुरुस्ती विमानांना कळवण्यासाठी विमानतळावर बसवायच्या जीबीएएस यंत्रणेची सुरक्षा-गणिते या एका नोंदीमुळे बदलली. विषुववृत्ताजवळ तर आयनांबर रोजच अस्थिर असते आणि सूर्यास्तानंतर त्यात कमी घनतेचे बुडबुडे उठतात. त्यामुळे मोठ्या प्रदेशाला उपग्रहांमार्फत दुरुस्त्या पुरवणाऱ्या अमेरिकेच्या वास (२००३) या विस्तृत क्षेत्र प्रणालीची गणिते भारताच्या तशाच गगन प्रणालीला जशीच्या तशी लागू पडली नाहीत. गगनला उंचीच्या मार्गदर्शनासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. आयनांबरीय विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दोन कंप्रता वापरल्यास तो जवळजवळ पूर्ण काढून टाकता येतो. त्यासाठी विमानवाहतुकीच्या संरक्षित पट्ट्यातील ११७६.४५ मेगाहर्ट्‌झचा दुसरा संकेत उपयोगी पडतो.

अलीकडे लक्ष मुद्दाम केलेल्या हस्तक्षेपाकडे वळले आहे. उपग्रहाचा संकेत जमिनीवर अत्यंत क्षीण असतो. अमेरिकेतील नेवार्क विमानतळाजवळच्या महामार्गावरील वाहनांतले छोटे जॅमरही (संकेत दडपणारी उपकरणे) तेथील जीबीएएसमध्ये अडथळा आणू शकले. टेक्सास विद्यापीठातील टॉड हम्फ्रीज यांच्या गटाने २०१२ मध्ये ड्रोनला आणि २०१३ मध्ये एका नौकेला खोट्या संकेतांनी फसवून दाखवले. दोन्ही प्रयोग संमतीने झाले होते. खोटे संकेत बहुधा एकाच दिशेने येतात, तर खरे आकाशाच्या निरनिराळ्या भागांतून; म्हणून अनेक अँटेनांनी दिशा ओळखण्याचे प्रयोग चालू आहेत. शिवाय जडत्वीय यंत्रणा पुन्हा उपग्रहांशी जोडली जात आहे : ती हळूहळू वाहवत जाते खरी, पण बाहेरून कोणी तिला फसवू शकत नाही, आणि उपग्रहांवरून काढलेले विमानाचे स्थान अचानक उडी मारू लागले तर ती विसंगती लगेच पकडते.