वाकळीला म्हणे नक्षी नसते!

कोल्हापूर भागात वाकळीबद्दल, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधडीबद्दल, एक जुना समज आहे: जुन्या लुगड्यांचं बोचकं सोडायचं, हाताला लागेल ती चिंधी लावायची, झाली वाकळ. त्यात कसली आलीय नक्षी! हे खरं नाही.

विचार मापापासूनच सुरू होतो. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर. त्याची चौघडी घातली की दोन मीटर लांबी मिळते, माणूस पाय पसरून झोपेल एवढी. विरलेलं, मऊ कापड आत जातं, धड असेल ते वर. इरकली लुगड्यांचे काठ बाजूला काढून ठेवतात आणि कडेला लावतात. कड आधी झिजते, काठाची वीण घट्ट असते; शिवाय शोभा येते ती वेगळीच. टाका साधा धावदोऱ्याचा, पण बहुतेकदा कडेकडून निघून चौकटीत चौकट करत मध्यावर येतो. ओळी वाकड्या गेल्या तर शिवायला बसलेल्या बायका ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

आणि वरचे त्रिकोण, सोंगट्यांच्या पटासारखे चौकोन, मधलं फूल? खण, लुगड्यांचे पदर, दारातली रांगोळी, सगळं रोज डोळ्यांसमोर असतंच की. कागदावर आराखडा काढत नाहीत, म्हणून तो नसतोच असं कसं म्हणणार? समजात तथ्य एवढंच, की कापड घरात असेल तेच वापरायचं. हिरवं मध्येच संपलं तर निळं येतं, आणि मग समोरच्या कोपऱ्यातही निळंच लावून जोड साधावी लागते.