सोलरखाली काहीच पिकत नाही, हे खरं नाही

निफाड-सिन्नरकडे शेतात सोलरचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं, पॅनल लावले की जमीन मेली, खाली कुसळ पण उगवत नाही. अनेक वर्षं हेच फिरतंय आणि ते चुकीचं आहे.

पिकाला ऊन लागतं, पण सगळं ऊन लागत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांची पानं एका मर्यादेपर्यंतच प्रकाश वापरतात, त्यावरचं ऊन नुसतं पान तापवतं आणि पाणी उडवतं. आपणच उन्हाळ्यात शेडनेट टाकतो ना, आणि द्राक्षाच्या घडांना उन्हाचा चट्टा बसू नये म्हणून एकेक घड पेपरात गुंडाळतो, मजुरी देऊन! मग पॅनलची सावली तेवढी वाईट कशी?

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात हे करून बघितलंय, 2019 ला निकाल आले, पॅनलखाली चेरी टोमॅटोचं उत्पादन दुप्पट झालं. आणि खालच्या पिकामुळे पॅनल थंड राहतात, त्यामुळे वीज पण थोडी जास्त मिळते, कारण पॅनल तापला की वीज घटते.

पण जमिनीलगत दाट रांगा लावल्या तर खाली खरंच काही येणार नाही, बहुतेक हा समज तिथूनच आलाय. पॅनल उंच पाहिजेत, ट्रॅक्टर खालून जाईल एवढे, आणि रांगांत अंतर पाहिजे. उंच स्ट्रक्चरला खर्च जास्त येतो हे मान्य. मका, बाजरी, ऊस मात्र खाली घेऊ नका, त्यांना कडक ऊनच लागतं.