प्रवाळांच्या टाकीतला उजेड आणि खडकांची बैठक

घरी खाऱ्या पाण्याचे अ‍ॅक्वेरियम ठेवू पाहणारे नाशिकमधले अनेकजण आधी टाकी घेतात, मग तिच्यावर बसेल असा दिवा घेतात आणि खडक शेवटी, शोभतील तसे रचतात. टाकीत फक्त मासे असतील तर हा क्रम चालून जातो. प्रवाळे ठेवायची असतील तर मात्र दिवा आणि खडक यांचा विचार एकत्रच करायला हवा, कारण खडकाला धरून बसलेले प्रवाळ सहसा जागा बदलत नाही आणि तिथे जेवढा उजेड पोहोचेल तेवढ्यावरच त्याला जगावे लागते.

प्रवाळ हा प्राणी आहे; पण उथळ, उष्ण समुद्रांतल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली हे एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाची ऊर्जेची गरज 90 टक्क्यांपर्यंत अशी भागू शकते. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि निळा प्रकाश खोलवर जाऊ देते. झूझँथेलीतली रंगद्रव्येही मुख्यतः निळा आणि निळसर हिरवा प्रकाश टिपतात, म्हणून या टाक्यांवरच्या एलईडी दिव्यांत निळ्या रंगाचा भर असतो.

दिव्याच्या खोक्यावरचे वॅट पाहून खरेदी करू नये. तो किती वीज घेतो एवढेच त्यावरून कळते. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यावर बेतलेले आहे आणि आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी प्रकाशाला सर्वाधिक, तर 450 नॅनोमीटरच्या निळ्याला फारच कमी प्रतिसाद देतो. त्यामुळे मोबाइलवरचे लक्सचे अ‍ॅप निळ्या दिव्याखाली दिशाभूल करते. इथे उपयोगी पडते ते ‘पॅर’ हे मोजमाप: 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचे किती मायक्रोमोल फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, हे त्यातून समजते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा 2000 च्या घरात जातो. मऊ प्रवाळांना साधारण 50 ते 150 पुरतात, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्या फुटणाऱ्या कठीण प्रवाळांना 200 ते 350 लागतात. एकाच दिव्याखाली खडकाच्या माथ्यावर 200 आणि तळाच्या कपारीत 30 असा फरक सहज पडतो, म्हणजे उजेडाची वाटणी प्रत्यक्षात खडकच करतात.

उजेडाबरोबर उष्णता येते आणि नाशिकमध्ये हा प्रश्न गंभीर आहे. पाणी 24 ते 27 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे, आणि एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीला भिडतो. जुन्या पद्धतीचे मेटल हॅलाइड दिवे अशा वेळी टाळावेत, आणि थेट ऊन येणाऱ्या पश्चिमेच्या खिडकीशेजारी टाकी ठेवू नये. आपला उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेला पंखा चांगला उपयोगी पडतो. पण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ मागेच राहते. म्हणून कमी झालेले पाणी रोज आरओच्या गोड पाण्याने भरून काढावे आणि विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास राखावे.

आता खडक. कठीण सांगाड्याच्या सर्व प्रवाळांना भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा वा त्याने वेढलेला दगड उचलून आणण्याचा विचारही करू नये. कायदेशीर उगमाची कागदपत्रे असलेले मऊ प्रवाळ आणि घडवलेला सच्छिद्र खडक हाच सरळ मार्ग आहे. काळाराम मंदिराच्या भिंतींत दिसतो तो आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, अतिशय टिकाऊ आहे. परंतु त्याच्या घट्ट पोतात अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना सच्छिद्र चुनखडकात मिळते तेवढी जागा मिळत नाही.

खडक बसवताना प्लावक बलाचा विसर पडतो. अ‍ॅरागोनाइट या चुनखनिजाची घनता पाण्याच्या सुमारे 2.9 पट असते, त्यामुळे कोरड्यात 10 किलो भरणारा तसा खडक समुद्राच्या पाण्यात जेमतेम साडेसहा किलोचा भासतो. वजनाबरोबर त्याला जागेवर धरणारे घर्षणही तेवढेच घटते, म्हणून टेबलावर पक्की वाटलेली रचना पाण्यात पंपाच्या झोताने किंवा गोगलगाईच्या धक्क्यानेही हलू शकते. तळाचे खडक वाळूवर न ठेवता काचेवर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीवर, किमान तीन बिंदूंवर टेकवावेत आणि वाळू मागाहून ओतावी. नाहीतर बिळे करणारे मासे आणि कोळंबी खालची वाळू उकरतात आणि वरचा सगळा भार काचेवर कोसळतो. मोठे तुकडे भोके पाडून अ‍ॅक्रिलिकच्या कांड्यांनी ओवावेत. लोखंड गंजते आणि तांबे अपृष्ठवंशीय जिवांना विषारी असते, त्यामुळे धातूचे खिळे, तारा वर्ज्य. लहान तुकड्यांसाठी सुपरग्लूची जेल पाण्यातही पकडते, पण ती ठिसूळ असते. म्हणून दोन्ही बाजूंना जेल आणि मध्ये दोन भागांची इपॉक्सी पुट्टी असा थर द्यावा. सिमेंट वापरल्यास ते पाण्याचा सामू (पीएच) वाढवते, तेव्हा काही आठवडे पाणी बदलत भिजवून, सामू स्थिर झाल्यावरच ते टाकीत घालावे. खडक आणि काच यांत हात जाईल एवढे अंतर सोडावे.

रचना पक्की झाल्यावर प्रत्येक कंगोऱ्यावर पॅर मोजावा आणि मगच कोणते प्रवाळ कुठे बसेल हे ठरवावे. नव्या प्रवाळावर दिवा एकदम पूर्ण तेजाने सोडू नये; अति प्रकाशात शैवालाच्या पेशींत घातक ऑक्सिजन संयुगे साठतात आणि प्रवाळ ते शैवालच बाहेर टाकून पांढरे पडते. कमी तेजाने सुरुवात करून काही आठवड्यांत ते वाढवावे, आणि रंग फिका होऊ लागला तर प्रवाळ उचकटण्याआधी दिवा मंद करून पाहावा. लेदर कोरल हे मऊ प्रवाळ वाढून पसरले की खालच्यांचा उजेड अडवते, म्हणून त्याला माथ्यावर बसवायचे असल्यास खालची जागा कमी उजेडात जगणाऱ्या मश्रूम कोरलसाठी राखावी.