कोर्ट मार्शल म्हणजे कोणाचं कोर्ट?

गोव्यातल्या वास्कोत राहणाऱ्याला नौदलाची पांढरी वर्दी रोज दिसते. तरी एखाद्या नौसैनिकावर खटला भरला म्हटलं की विचारणा होतेच: हा मडगावच्या कोर्टात जाणार की तळावरच निकाल लागणार? आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना 'कोर्ट मार्शल' म्हटल्यावर आठवतं ते पोर्तुगीजांचं लष्करी न्यायालय.

त्या न्यायालयापुढे साधे नागरिक उभे केले जात. गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. मधु लिमयांना १९५५ मध्ये बारा वर्षं. आपल्या देशातलं कोर्ट मार्शल मुळातच वेगळं आहे. ते सैन्यदलांच्या कायद्याखाली येणाऱ्यांवरच चालतं. दुकानदार किंवा शिक्षक तिथे आरोपी होऊ शकत नाही.

गुन्हेही निराळे. रजा संपूनही न परतणं, वरिष्ठाचा हुकूम मोडणं हे सत्र न्यायालयाच्या लेखी गुन्हेच नाहीत, सैन्यात मात्र त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. चोरीसारखा गुन्हा दोन्हीकडे चालू शकतो. तेव्हा भूदलात कोणता मार्ग घ्यायचा हे आधी लष्करी अधिकारी ठरवतो. नागरिकाचा खून किंवा नागरिक स्त्रीवर बलात्कार असेल, तर युद्धसेवा किंवा परदेश यांसारखे अपवाद सोडले की खटला नागरी न्यायालयातच. नानावटी नौदलाचे कमांडर होते, पण मारला गेलेला माणूस नागरिक होता. म्हणून १९५९ चा तो खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीपुढे चालला.

सर्वांत मोठा फरक समोर कोण बसतं यात आहे. सत्र न्यायालयात कायद्याचं शिक्षण घेतलेला एक न्यायाधीश असतो, आणि आरोपीच्या नोकरीशी त्याचा काही संबंध नसतो. नौदलाच्या कोर्ट मार्शलमध्ये पाच ते नऊ अधिकारी बसतात. जज अॅडव्होकेट त्यांना कायदा समजावतो, मत मात्र देत नाही. भूदलात मतं घेताना सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून होते, कारण वरिष्ठ आधी बोलला तर बाकीचे त्याच्याच मागे जातील. कायदा करणाऱ्यांना हुद्द्याचं वजन माहीत होतं, हे मला यातून फार स्पष्ट दिसतं.

भूदलात निकाल लागला तरी तो वरच्या अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय लागू होत नाही; तो फेरविचारासाठी एकदा परतही पाठवू शकतो. नौदलात अशी मंजुरी लागत नाही.

अपिलाचं दुखणं जुनं. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्ट मार्शलच्या निकालावर एकही अपील नसणं ही मोठी उणीव आहे. अशी अपिलं ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा आला २००७ मध्ये, काम सुरू झालं २००९ मध्ये. देशासाठी जीव धोक्यात घालणाऱ्याला इतकी वर्षं थांबावं लागलं, हे पटत नाही. आज सत्र न्यायालयाच्या निकालावरचं अपील पर्वरीच्या उच्च न्यायालयात जातं. गोव्यातल्या नौसैनिकाचं कोर्ट मार्शलविरुद्धचं अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे.