ब्लास्टिंगच्या पेटीतलं पाणी आणि धूळ

मृगाच्या तोंडावर दारव्हा-दिग्रस भागात वखराच्या पासा (लोखंडी पाती) आणि कल्टिव्हेटरचे फाळ दुरुस्तीला निघतात. गंज काढायला ग्राइंडर आहेच, पण तो खाचाखोचांत पोचत नाही. तिथं ब्लास्टिंगची पेटी कामाला येते. समोर काच, हात घालायला रबरी मोजे, आत नोझल. दाबाच्या हवेनं टणक, खरखरीत कणांचा मारा करायचा की गंज सुटतो. अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्घमन यांनी या तंत्राचं पेटंट १८७० साली घेतलं.

या पेटीच्या प्रेशर प्रकारात कण बंद टाकीत दाबाखाली भरलेले असतात, म्हणून ते जोरात सुटतात. टाकीत ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब असेल, तर १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून सुमारे ४४० किलोचा रेटा असतो. त्यामुळे आधी हवा सोडायची, गेजचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच झाकणाला हात लावायचा. यात घाई नकोच.

पावसाळ्यात मात्र गिऱ्हाईक म्हणतं, 'मशीन अडकते'. बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो, हवेतल्या वाफेचा असतो. हवा दाबली की तिचं आकारमान घटतं, पण ठरावीक तापमानाला ठरावीक जागेत मावेल तेवढीच वाफ राहते. उरलेलीचं पाणी होतं. श्रावणातली ३० अंशांची, ८० टक्के दमट हवा धरा. ३ मिलिमीटरच्या नोझलला ८० पीएसआयवर मिनिटाला साधारण १७ घनफूट हवा लागते. गणित केलं, तर ती हवा थंड झाल्यावर तासाला अर्धा लिटरभर पाणी सुटतं. हेच पाणी कणांचा चिखल करून नोझल बुजवतं. हवा दाबणाऱ्या कम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढून टाका. पाणी अडवणारा फिल्टर कम्प्रेसरला खेटून बसवू नका, लांब पाइपातून हवा गार झाल्यावर बसवा. गरम हवेतलं पाणी फिल्टरला सापडत नाही.

नोझल झिजून ३ चं ४.५ मिलिमीटर झालं, तर भोकाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. मग छोटा कम्प्रेसर दाबच धरत नाही, आणि माणूस पेटीला शिव्या देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नदीची वाळू फुकटासारखी मिळते म्हणून पेटीत टाकू नका, अगदी एका दिवसासाठीही नको. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. लोखंडावर आपटून ती फुटते आणि केसापेक्षा कितीतरी बारीक कण हवेत तरंगतात. दुपट्टा तोंडाला बांधून ते अडत नाहीत. फुफ्फुसात गेले की सिलिकोसिस होतो. त्यातली इजा भरून येत नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यानं हा रोग सरकारला कळवणं बंधनकारक केलं होतं. ब्रिटननं १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूवर बंदी घातली. वाळूऐवजी अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट या खनिजाचे कण घ्या. महाग वाटेल, पण पेटीत ते पुन्हा पुन्हा वापरता येतं.

तेल-ग्रीस आधी पुसून कोरडं करा. नोझल १५-२० सेंटिमीटरवर, थोडं तिरपं धरा आणि सतत हलतं ठेवा. पातळ पत्र्यावर दाब कमी ठेवा, नाहीतर तो वाकतो. काम संपल्यावर हवा बंद करा, धूळ ओढणारा पंखा मात्र चालू राहू द्या. आतली धूळ निवळून काच स्वच्छ दिसली की दार उघडा. पास उघड्या हातानं धरू नका, घामानंही डाग पडतात. आणि पावसाळी हवेत उद्याची वाट न पाहता तासाभरात प्रायमर मारून टाका.