हस्तकलेतील छापील स्टेन्सिल

नक्षी कागदावर छापून घ्यायची, रंग भरायचे भाग कापून काढायचे आणि उरलेल्या चौकटीतून कापडावर, भिंतीवर किंवा जमिनीवर रंग उमटवायचा, हे स्टेन्सिलचे तंत्र. बोलण्यात ‘छाप’ हाच शब्द जास्त चालतो. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत पोत्यांवर मार्का उठवायचे पत्र्याचे छाप आणि अंगणातले रांगोळीचे छाप ही याचीच जुनी रूपे. प्रिंटर आला आणि मनाजोगती नक्षी हव्या त्या आकारात मिळू लागली. राज्यात 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून गणपतीच्या पुठ्ठ्याच्या मखरांनाही असे छाप उपयोगी पडतात.

झेरॉक्सच्या दुकानात छापताना ‘शंभर टक्के आकार’ असे सांगावे, नाहीतर नक्षी पानात बसवण्यासाठी आक्रसते. साधा 75 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) कागद एकदोन वापरांत ओला होऊन वळतो. पुन्हापुन्हा वापरायचा तर 250 जीएसएमचे कार्डशीट किंवा ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे पान, घ्यावे. कापताना आधी आतले बारीक भाग, मग मोठे. वळणावर कटर नव्हे, कागद फिरवावा.

छापाचा खरा कस लागतो तो जोडांत. चहूबाजूंनी कापला गेलेला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला राखलेल्या कागदाच्या अरुंद पट्ट्या म्हणजे जोड. रोमन अक्षरांचे तयार नमुने देवनागरीला कामाचे नाहीत. सातारा आणि सांगली या नावांतला ‘स’च घ्या. शिरोरेघ, दंड आणि मधली आडवी रेघ यांतली पोकळी बंद असते, ती सुटून हातात येते. शिरोरेघ सलग कापली तर आणखी पंचाईत. ‘त’ आणि काना यांच्यामधली कागदाची जीभ फक्त खालून धरलेली राहते, स्पंज लागताच उचलली जाते आणि रंग आत शिरतो. म्हणून शिरोरेघ प्रत्येक पोकळीवर आणि प्रत्येक जिभेवर तोडावी. ए4 पानावरच्या नावाला दोन-तीन मिलिमीटरचा जोड पुरतो. काहीजण या फटी नंतर ब्रशने बुजवतात. पण सगळ्या एकसारख्या असतील तर तशाच ठेवलेल्या अधिक देखण्या दिसतात.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते. रस्त्यावरच्या रांगोळीतली ‘माउली’ एका पानात मावत नाही. अक्षरे चार किंवा नऊ पानांवर विभागून छापावीत, पाने जुळवून पुठ्ठ्यावर चिकटवावीत आणि मग कापावीत. इथे जोड बोटभर रुंद हवेत, कारण उचलताना पुठ्ठा वाकला की रेघ विसकटते.

रंग पातळ असला तर छापाखाली ओढला जातो आणि कडा फुटतात. स्पंज रंगात टेकवून आधी रद्दीवर टिपून घ्यावा, मग उभा थोपटावा, घासू नये. दोन रंगांना दोन छाप लागतात, आणि दोन्हींच्या कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा असाव्यात. कापडावरचा फॅब्रिक कलर पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवून पक्का करतात.